वारं सुटलं की शटर खाली ओढू नका

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

दादर पश्चिमेला, स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर असलेल्या एका साड्यांच्या दुकानात मी २२ वर्षं काउंटरला उभी आहे. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण मला जे सांगायचं आहे ते एका दुकानापुरतं नाही. परवा दुपारी पूर्वेकडून काळं भरून आलं. पावसाचा थेंब पडायच्या आत समोरच्या ओळीतल्या तीन दुकानांची शटरं खाली आली, आणि फुटपाथवरची माणसं त्या बंद शटरांना पाठ लावून उभी राहिली. ते पाहिल्यापासून माझं कामात लक्ष नाही. म्हणून हे पत्र.

१३ मे २०२४ हा दिवस मुंबईत कोणी विसरलेलं नसेल. सोमवार होता. सोमवार खरं तर आमचा सुट्टीचा वार, पण लग्नसराईत दुकान उघडंच असतं. अक्षय्य तृतीया तीन दिवसांपूर्वी होऊन गेली होती आणि गिऱ्हाइकाला उसंत नव्हती. माझ्यासमोर बदलापूरहून आलेलं बस्त्याचं गिऱ्हाईक होतं. नवरीची आई, दोन मावश्या आणि ऐंशीच्या घरातली आजी. गादीवर तीस-पस्तीस साड्या उलगडून पडल्या होत्या. शालूचं ठरलं होतं. अडलं होतं मानपानाच्या साड्यांवर, ते नेहमीच अडतं. उकाडा इतका की डोक्यावर पंखा असूनही माझ्या पाठीला ब्लाउज चिकटला होता.

चारच्या सुमाराला बाहेरचा उजेड बदलला. मुंबईत मे महिन्यात दुपारी वारं समुद्राकडून येतं, आमच्या दुकानात ते समोरून शिरतं आणि दाराशी टांगलेल्या साड्यांचे पदर आत हलतात. ते थांबलं. पदर सरळ लोंबले. मग ते बाहेर उडाले, उलट्या दिशेला. गल्लीचं टोक पिवळट मातकट दिसायला लागलं, जणू कोणी पोतं झटकलं. फेरीवाल्यांनी ताडपत्र्या धरल्या, पण ताडपत्रीत एकदा वारं शिरलं की दोन माणसांनाही ती आवरत नाही. एकाची ताडपत्री बांबूसकट उचलली गेली. प्लॅस्टिकच्या बादल्या, कणसांची साल, कोणाची तरी छत्री, सगळं एकाच दिशेला धावत होतं आणि माणसंही.

शेठ म्हणाले, "शटर घ्या."

शेठना मी दोष देत नाही. रेशमावर बारीक धूळ बसली की ती झटकून जात नाही, जरीत अडकते. पैठणीच्या पदरावर एकदा वाळूचे कण घासले गेले तर ती साडी पुन्हा त्या किमतीला विकता येत नाही. त्या गादीवर त्या वेळी लाखाच्या वरचा माल उघडा होता. दुकान चालवणारा माणूस आधी मालाकडेच बघणार. घड्या घालणाऱ्या मुलाने आकडी घेतली आणि शटर ओढलं.

ते गुडघ्यापर्यंत आलं आणि खालच्या फटीतून मला पाय दिसले. आमच्या पायरीवर सात-आठ जोड्या पाय. एक जोडी मी ओळखली. आमच्या पायरीच्या कडेला रोज गजरे घेऊन बसणाऱ्या मावशींचे पाय, टाचांना भेगा पडलेले, शेजारी मोगऱ्याची टोपली. बाहेरून कोणीतरी तळहाताने शटरवर थापा मारत होतं. मी ऐकत होते आणि मी काही बोलले नाही. २२ वर्षं त्या पायरीवरून त्या मावशींशी मी रोज दोन शब्द बोलते, आणि त्या क्षणी माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. हे मला लिहिलंच पाहिजे.

बोलल्या त्या बस्त्यातल्या आजी. "अगं, बाहेर माणसं आहेत ना? उघड ते. माझ्या नातीच्या साडीला धूळ लागली तर लागू दे, मी घेते तीच."

शेठनी मान हलवली. शटर वर गेलं आणि वाऱ्याचा लोट आत आला. त्याच्याबरोबर माणसं आली. मी नंतर मोजली, सव्वीस होती. मावशी टोपलीसकट आल्या. चहाची किटली घेतलेला एक पोरगा होता, कडेवर मूल घेतलेली बाई होती, आणि पोटाशी फाइल धरलेले एक गृहस्थ, ज्यांचा चष्मा धुळीने इतका माखला होता की त्यांना आमची पायरीही दिसली नसावी. आम्ही गादीवरची पांढरी चादर उलटी करून साड्यांवर टाकली, वरून पिशव्यांचे गठ्ठे ठेवले. मोठं शटर पुन्हा खाली घेतलं, पण बाजूच्या अंगाचं छोटं शटर, जिथे वारं थेट येत नव्हतं, ते उघडं ठेवलं. आणखी चार-पाच जण तिथून आले. धुळीचा जोर पंधरा-वीस मिनिटं टिकला असेल. मग टपोऱ्या थेंबांचा पाऊस आला, हवा गार झाली आणि माणसं एकेक करून निघून गेली.

आमच्या पायरीवर त्या दिवशी काहीही पडलं नाही. फांदी नाही, पत्रा नाही, पाटी नाही. पण शटर ओढताना हे आम्हाला कुठे माहीत होतं?

रात्री मोजदाद केली. चार साड्या धुवायला पाठवाव्या लागल्या. एक ब्लाउजपीस सापडला नाही, १८० रुपयांचा. दुकानदारांशी बोलताना पहिला प्रश्न चोरीचा येतो, म्हणून हा आकडा देते आहे.

पाचच्या पुढे घाटकोपरची बातमी आली. पेट्रोल पंपावर जाहिरातीचं अवाढव्य होर्डिंग कोसळलं होतं. त्याबद्दल आपल्याच अंकात पुष्कळ छापून आलं आहे. पालिकेची मर्यादा ४० बाय ४० फुटांची, आणि ते उभं होतं १२० बाय १२० फुटांचं. १७ माणसं गेली, सत्तरहून अधिक जखमी झाली. खाली पेट्रोलच्या टाक्या, त्यामुळे लोखंड कापायला गॅस कटर लावायचीही भीती, आणि आत माणसं. ते होर्डिंग कोणी उभारू दिलं, हा प्रश्न मोठा आहे आणि तो विचारणारे आहेत. माझ्या मनात वेगळीच गोष्ट घर करून बसली. तिथे कोणी पेट्रोल भरायला आलं होतं, आणि कोणी नुसतं धुळीपावसापासून बचाव म्हणून पंपाच्या छपराखाली थांबलं होतं. त्यांनी काय चुकीचं केलं? आपण सगळे तेच करतो. वर छप्पर दिसलं की त्याखाली जातो. रस्त्यावरच्या माणसाला पक्कं बांधकाम उघडं मिळालं नाही तर तो पत्र्याखाली, झाडाखाली, पुलाच्या कडेला, फलकाच्या आडोशाला उभा राहणार. वाऱ्यात पडतं तेही नेमकं हेच सगळं.

घरी जायला निघाले तर गाड्या नव्हत्या. ठाणे आणि मुलुंडच्या दरम्यान ओव्हरहेड वायरचा खांब वाकला होता. दादरच्या फलाटावर इतकी गर्दी की पर्स पोटाशी धरून उभं राहण्यापलीकडे काही करता येत नव्हतं. कळव्याला पोचायला साडेदहा झाले. त्या फलाटावर मला पहिल्यांदा वाटलं, शटरवर थापा मारणारा हात कोणाचा होता हे मी कधी विचारलंच नाही.

माझा भाचा कॉलेजात भूगोल शिकवतो. पाऊस यायच्या आधीच एवढं वारं का आलं, असं मी त्याला विचारलं. त्याने सांगितलं ते मला पटलं. वळवाचा ढग उंच वाढतो. त्यातून पडणारा पाऊस खालच्या कोरड्या हवेत अर्धा वाटेतच वाफ होऊन जातो. त्यामुळे ती हवा गार आणि जड होते आणि वरून खाली आदळते. जमिनीवर आदळली की ती सगळीकडे पसरते, बादलीतलं पाणी फरशीवर ओतल्यासारखी. म्हणून वारं आधी, पाऊस मागून. आणि एवढ्या बांधकामांच्या शहरात वाऱ्याच्या वाटेला धूळ भरपूर असते. म्हणजे जीव वाचवायचा तर हाताशी पाच-दहा मिनिटंच असतात.

२६ जुलै २००५ ची आठवण इथे लोक काढतात. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मी याच दुकानात होते आणि रात्र गादीवर काढली. मुंबईकरांनी त्या दिवशी दारं उघडली, हे खरं आहे. अनोळखी माणसांना चहा-बिस्किटं दिली, झोपायला जागा दिली. पण पाणी चढायला तास लागतात. माणसाला विचार करायला, ओळख पटायला, दया यायला वेळ मिळतो. वाऱ्यात तो मिळत नाही. म्हणून तो विचार आधीच करून ठेवायला हवा, असं माझं म्हणणं आहे.

आमच्या दुकानात आता तसा नियम आहे. आभाळ भरलं की काउंटरखालचे प्लॅस्टिकचे कागद निघतात, उघडा माल झाकला जातो. वाऱ्याच्या तोंडाचं शटर बंद, बाजूचं उघडं. अर्धवट ओढलेलं शटर ठेवायचं नाही, कारण वाऱ्यात त्याचा पत्रा थडाथडा हलतो आणि कोणाच्याही डोक्याला लागेल. एक मुलगा दाराशी उभा राहून लोकांना आत बोलावतो. हो, बोलावावं लागतं. मळक्या कपड्यातली माणसं साडीच्या दुकानाची पायरी आपणहून चढत नाहीत. आत आलेल्यांना काचेच्या शोकेसपासून लांब, मागच्या भिंतीकडे उभं करायचं. एवढंच. याला पैसे लागत नाहीत. ज्यांचं एकच शटर आहे त्यांनी ते उघडं ठेवून आधी माणसं आत घ्यावीत आणि मग ओढावं. बँका, मोठी शोरूम, इमारतींचे वॉचमन यांनाही हेच सांगायला हवं. इमारतीखालच्या मोकळ्या पार्किंगमध्ये पन्नास माणसं सहज मावतात, आणि बहुतेक ठिकाणी वॉचमन त्यांना हाकलतो, कारण त्याला तसंच सांगितलेलं असतं.

दुसरी विनंती सूचनेबद्दल. हवामान खात्याचं रडार कुलाब्याला आहे, वेरावलीला आहे. पुढच्या तीन तासांत वादळी वारं येईल, असा इशारा ते देतात. त्या दिवशीही दिला होता. विमानतळावर तासभराहून अधिक वेळ विमानांची ये-जा थांबवली, पंधरा विमानं दुसरीकडे वळवली. आकाशातल्या प्रवाशांसाठी हे होतं आणि व्हायलाच हवं. पण गजरेवाल्या मावशींकडे बटणांचा फोन आहे आणि त्यांना वाचता येत नाही. त्यांच्यापर्यंत तो इशारा कानानेच पोचणार. दिवाळीच्या गर्दीत पाकीट सांभाळा म्हणून आमच्या बाजारात भोंग्यावरून सांगतात. स्टेशनवर दर दोन मिनिटांनी रूळ ओलांडू नका म्हणून सांगतात. त्याच भोंग्यावरून "जोराचं वारं येत आहे, झाडाखाली, पत्र्याखाली, फलकाखाली थांबू नका, जवळच्या पक्क्या इमारतीत जा" एवढं मराठीत आणि हिंदीत सांगायला काय हरकत आहे? फक्त त्यासाठी जवळची पक्की इमारत उघडी हवी. म्हणून मी शटरांबद्दल आधी लिहिलं.

मावशी अजून तिथेच बसतात. परवा वारं सुटल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं, टोपली उचलली आणि न विचारता आत आल्या. समोरच्या ओळीत मात्र दोन शाळकरी मुली बंद शटरला टेकून उभ्या होत्या आणि त्यांच्या डोक्यावर दुकानाची लोखंडी पाटी कुरकुरत होती. आमच्या मुलाने हाका मारल्या, त्या त्यांना ऐकू गेल्या नाहीत. शेवटी तो धावत जाऊन त्यांना घेऊन आला.

त्या तिन्ही दुकानांत मी येत्या मंगळवारी दुपारी, गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा, जाऊन बोलणार आहे. तोपर्यंत आपण हे पत्र छापलंत तर कात्रण हातात घेऊन जाईन. नुसत्या माझ्या शब्दाला ते मान देतील की नाही सांगता येत नाही, छापलेल्या शब्दाला देतात.

आपली नम्र,
साड्यांच्या दुकानातली एक विक्रेती,
दादर (पश्चिम), मुंबई