खडखड्याची बुरशी एक की अनेक?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जीनोम, म्हणजे सजीवाचा संपूर्ण जनुकीय मजकूर, म्हटला की माणसाचे आजार आणि पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळा आठवतात. सोलापूरच्या ज्वारीवाल्याला त्याचे काय? तर खडखड्या, ज्वारीचा बुरशीजन्य रोग.

फुलोऱ्यानंतर ओल तुटली, ऊन तापले की उभी ज्वारी बुडातून मोडून पडते. असे ताट उभे चिरून पाहावे. आतला गाभा आटून नुसते धागे उरलेले असतात आणि धाग्यांना काळी भुकटी चिकटलेली असते. ते बुरशीचे बारीक दाणे, जमिनीत वर्षानुवर्षे टिकणारे. कणीस हलके भरते आणि कडबाही हातचा जातो.

या बुरशीचे, मॅक्रोफोमिना फॅसिओलिनाचे, जनुकीय वाचन २०१२ मध्ये बांगलादेशात मकसुदुल आलम यांच्या चमूने केले. त्यांना घोर होता तागाचा. सुमारे डीएनएची ४ कोटी ९० लाख अक्षरे आणि १४ हजारांवर जनुके निघाली. वनस्पतींच्या पेशीभित्तिका फोडणाऱ्या विकरांची (एन्झाइमांची) जनुके त्यांत भरपूर. ५०० हून अधिक वनस्पतींवर ही बुरशी कशी पोसते, याचा धागा तिथे सापडतो.

आमचा प्रश्न पुढचा आहे. हीच बुरशी सोयाबीन आणि हरभऱ्यालाही लागते. पिकांची फेरपालट करा, असे सांगितले जाते. पण सोयाबीनच्या मुळातली आणि ज्वारीच्या ताटातली बुरशी एकाच वंशाची असेल, तर ही फेरपालट म्हणजे रोगाला बारमाही खुराक. नुसत्या डोळ्यांनी हा फरक कळत नाही. दोन्हींचे जीनोम शेजारी ठेवूनच तो कळेल. जपानात सोया सॉससाठी वापरतात ती बुरशी आणि भुईमुगात अफ्लाटॉक्सिन हे विष सोडणारी बुरशी सख्ख्या बहिणी आहेत. विषाची जनुके दोघींकडे आहेत, पण पहिलीत ती निकामी झाली आहेत. हेही जनुके ताडून पाहिल्यावरच नीट उलगडले.

सोलापुरात रब्बी ज्वारीचे संशोधन केंद्र आहे. त्यांनी मंगळवेढा, मोहोळ, बार्शी या तालुक्यांतून, शक्यतो एकाच शेतातल्या सोयाबीन आणि ज्वारीचे नमुने घेऊन हे काम हाती घ्यावे. या बुरशीचा जीनोम माणसाच्या जीनोमच्या साठाव्या हिश्शाहून लहान आहे, त्यामुळे खर्चाची सबब फार ताणता येणार नाही. अहवाल मात्र मराठीत हवा, आणि खरिपाच्या पेरणीआधी.

नमुन्याला लागतील तेवढी ताटे माझ्या रानातून न्यावीत.

– एक ज्वारी उत्पादक, ता. मोहोळ, जि. सोलापूर