वाटीचा कोन डिस्चार्ज कार्डावर लिहा

खुब्याचा सांधा बदलायचा म्हटले की घरात पहिली चर्चा होते ती 'देशी की इम्पोर्टेड' याची. आईच्या वेळी आम्हीही तेच केले. महागातला सांधा घेतला. दोन महिन्यांत खाटेवरून उठताना तो निखळला. दुसऱ्या डॉक्टरांनी एक्स-रेवर पेन्सिलीने रेघ ओढून दाखवली. वाटी, म्हणजे सांध्याचा गोळा ज्यात फिरतो तो खोलगट भाग, हवी त्यापेक्षा बरीच उभी बसली होती.

वाटीचा आडव्या रेषेशी तिरपेपणा ३० ते ५० अंश आणि पुढचा कल ५ ते २५ अंश असावा, असे अमेरिकेतील लेविनेक व सहकाऱ्यांनी १९७८ मध्येच सुचवले होते. या मर्यादेतले सांधेही कधी कधी निखळतात, कण्याची ठेवणही पाहावी लागते, हे खरे. पण वाटी फार उभी असली की भार तिच्या काठावर येतो. प्लॅस्टिकचे अस्तर लवकर झिजते आणि त्याच्या बारीक कणांमुळे भोवतालचे हाड पोखरले जाते. धातूवर धातू घासणाऱ्या सांध्यांत रक्तातले कोबाल्ट, क्रोमियम वाढते. २०१० मध्ये जगभरातून परत मागवलेल्या 'एएसआर' या अशाच धातूवर धातूच्या सांध्याची वाटी उथळ होती, त्यामुळे कोनातली चूक तिला फारच कमी सोसायची.

सांध्याचे स्टिकर आईच्या फाइलमध्ये व्यवस्थित चिकटवलेले आहे. कोनाचा मात्र कुठे उल्लेख नाही. शस्त्रक्रियेनंतरचा एक्स-रे आणि त्यावर मोजलेला कोन प्रत्येक रुग्णाच्या हाती द्यावा, अशी आरोग्य खात्याला कळकळीची विनंती.

– एक वाचक, सांगली