खिडकीवाल्या ताई, लॅपटॉप घेतला बरं का!

ताई, तुमचं नाव मला माहीत नाहीये. दीड वर्ष आपण डोंबिवलीच्या त्या सव्वाआठच्या फास्टला मधल्या लेडीज डब्यात एकत्र प्रवास केला, तुम्ही खिडकीत आणि मी बहुतेक वेळा चौथ्या सीटवर अर्धी हवेत, एकमेकींच्या डब्यातलं खाल्लं, एकमेकींच्या सासवांबद्दल सगळं माहीत, पण नाव-नंबर घ्यायचं काही सुचलं नाही. आणि आता गणपतीनंतर तुम्ही दिसतच नाही, कोणीतरी म्हणालं ऑफिस ऐरोलीला हललं. म्हणून हे सगळ्यांसमोरच लिहितेय. कोणी ओळखत असेल तर त्यांना दाखवा प्लीज. खूण सांगते, दादरला उतरायच्या, ऑफिसात कॉम्प्युटर सपोर्टला आहेत, आणि मे महिन्याच्या घामातसुद्धा गाडीत स्वेटर विणायच्या.

तर ताई, तो शोरूममधला फोटो आठवतोय ना? लेकीचं बॅफचं (बी.कॉम. अकाउंटिंग-फायनान्सचं) पहिलं वर्ष, माझं सोसायटीच्या हिशोबाचं काम घरी, आणि बजेट तीस हजार म्हणजे तीस हजारच. २९,९९० चा नवाकोरा लॅपटॉप, बॅग फ्री, माऊस फ्री, वर तो मुलगा म्हणाला मॅडम आठ जीबी रॅम आहे, रॉकेट चालेल. मी दुसऱ्या दिवशी पैसे भरणारच होते. तुम्ही सुया मांडीवर ठेवल्या, फोटो मोठा केला आणि दोन शब्दांवर बोट ठेवलं, सेलेरॉन आणि ईएमएमसी. तोपर्यंत मी फक्त रॅम आणि रंग बघत होते. तुम्ही म्हणालात, सेलेरॉन म्हणजे इंटेलचा साधा, कमी ताकदीचा प्रोसेसर, आणि ईएमएमसी म्हणजे स्वस्तातल्या मोबाईलमध्ये असतं तसलं स्टोरेज, बोर्डालाच चिकटवलेलं, एसएसडीपेक्षा बरंच स्लो, आणि भरलं की काढून मोठं टाकायची सोय नाही. एकटं एक्सेल उघडाल तर चालेल हो, पण मागे क्रोमचे दहा टॅब आणि लेकीचं लेक्चर लागलं की कळेल.

पण मला खरं काय लक्षात राहिलंय सांगू? त्यानंतर तुम्ही विचारलंत, "हा घरात राहणार कुठे?" मी म्हटलं डायनिंग टेबलवर, दुसरीकडे जागाच नाहीये. तर म्हणालात, "मग बारीक आणि हलका कशाला हवाय तुम्हाला?" शोरूममध्ये पाऊण तास घालवला, तिथे कोणी हे विचारलं नव्हतं.

मग तुम्ही म्हणालात की कंपन्यांमधले लॅपटॉप तीन-चार वर्षांनी लॉटने बाहेर पडतात, त्यातला एक बघून घ्या. माझं तोंड वाकडं झालेलं तुम्ही बघितलं असणार. घरी तर ह्यांनी ऐकूनच घेतलं नाही, दुसऱ्याचं उष्टं कशाला आणायचं म्हणे. पण हळदीकुंकवाच्या जुन्या कार्डाच्या पाठीमागे तुम्ही लिहून दिलेलं होतं, ते घेऊन एका शनिवारी मी आणि लेक दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो आणि लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर मार्केटला गेलो.

पहिल्याच दुकानात दुकानदाराने एक आय फाईव्ह प्रोसेसरवाला काढला, १३ हजार. चकचकीत पुसलेला, मला आवडला पण. कार्डावर तुम्ही लिहिलेलं, आय फाईव्ह बघून हुरळू नका, पुढच्या आकड्याची सुरुवात बघा, ती प्रोसेसरची पिढी, आठ किंवा त्यापुढची पाहिजे. हा सहापासून सुरू होत होता. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी तरी लागते, त्यामुळे तो कितीही स्वस्त असला तरी नको. दुकानदार म्हणाला आम्ही टाकून देतो ना मॅडम, ११ पण चालतं. मी कार्ड पर्समध्ये ठेवलं आणि निघाले.

चौथ्या दुकानात थिंकपॅड टी४८० मिळाला, आय फाईव्ह ८३५०यू, आठ जीबी, २५६ ची एसएसडी, १८,५००. तुम्ही सांगितल्यासारखं स्क्रीनकडे बाजूने वाकून बघितलं. त्याने आधी दाखवलेल्या पीसमध्ये बाजूने पांढरं पिवळट आणि काळं राखाडी दिसत होतं, ह्यात नाही, हा फुल एचडीवाला आयपीएस होता. नोटपॅड उघडून लेकीने एकेक बटण दाबलं. चालू करतानाच एफ१ दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सेटिंगमध्ये, शिरलो, पासवर्ड मागितला नाही, आणि तिथला सिरीयल नंबर खालच्या स्टिकरशी आणि मग जीएसटीच्या बिलाशी जुळवला. शेवटी ती कमांड प्रॉम्प्टची काळी खिडकी उघडून बॅटरी रिपोर्ट काढला. ह्या मॉडेलला एक बॅटरी आत आणि एक बाहेर, आतली ठीक होती पण बाहेरची २४ हजार मिलीवॉट-अवरची आता जेमतेम १४ हजार धरत होती. दुकानदार माझ्याकडे बघतच राहिला, म्हणाला मॅडम तुम्ही आयटीत का? मी हो म्हटलं 😄 आणि पाचशे कमी करून घेतले.

उरलेल्यातून आठ जीबीची अजून एक रॅमची पट्टी घातली, ह्यात दोन स्लॉट आहेत ना. आता टॅली, एक्सेल, लेकीचं लेक्चर सगळं एकदम चालू असतं आणि पंख्याचा आवाज सोडला तर तक्रार नाही. हां, एक मात्र तुम्ही सांगितलं नव्हतं, की चौदा इंचीला नंबर पॅड नसतो! आम्हा अकाउंट्सवाल्यांची बोटं न बघता तिथेच जातात, पहिल्या आठवड्यात पाण्याच्या बिलाच्या रकमा चुकून चुकून रडकुंडीला आले. शेवटी यूएसबीचा वेगळा नंबर पॅड आणला. आणि कीबोर्डच्या मधलं ते लाल टिंब वापरून बाण फिरवायला मला अजून जमलेलं नाही, लेक मात्र त्यानेच सगळं चालवते.

ह्यांचं म्हणाल तर त्या उष्ट्या लॅपटॉपवर रोज रात्री बुद्धिबळ चालू असतं.

खूप खूप थँक्यू ताई. शोरूमवाल्याला दिलेले असते ते साडेअकरा-बारा हजार वाचले, त्यातले रॅम आणि नंबर पॅडचे सोडून उरलेले लेकीच्या फीला कामी आले. मी अजून त्याच गाडीला असते, घाटकोपरला उतरते. आणि हो, ती बाहेरची बॅटरी आता तासभरच टिकतेय हो, ओरिजिनल कुठे मिळेल की परत लॅमिंग्टनलाच जाऊ?