किनाऱ्यावरच्या कॅम्पर व्हॅन आणि गावाचा शोषखड्डा

महोदय,

दिवाळी सरली की अलिबागपासून गुहागरपर्यंत शनिवार-रविवारी कॅम्पर व्हॅनवाल्यांचे, म्हणजे झोपण्याची-स्वयंपाकाची सोय असलेल्या गाड्यांच्या मालकांचे मेळे जमू लागतात. पाच-दहा गाड्या, बाहेर मांडलेल्या खुर्च्या, चहा, गप्पा, पोहणं. हा निवांतपणा हवा तर दोन गोष्टी आधी ठरवायला हव्यात : गाडी कुठे लावायची आणि सांडपाणी कुठे सोडायचं.

वाळूवर गाडी नेऊच नये. अनेक किनाऱ्यांवर तशी मनाईही आहे. पाण्याने भरलेली शंभर लिटरची टाकी म्हणजे शंभर किलो, वर बॅटऱ्या आणि सामान. चाक रुतल्यावर जो जोरात अॅक्सिलरेटर दाबतो, तो ते आणखी खोल गाडतो. टायरमधली निम्मी हवा सोडावी, चाकापुढची वाळू उपसावी, फळ्या घालाव्यात आणि पहिल्या गिअरमध्ये हळूहळू बाहेर यावं. डांबरी रस्ता लागताच हवा पुन्हा भरावी. भरतीची वेळ कोकणात तिथीवरून काढतात : तिथीची पाऊणपट. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेला मात्र उधाणाचं पाणी बाराच्या सुमारास चढतं, म्हणजे ऐन झोपेत. म्हणून सुरूच्या बनाच्या अलीकडे, गावाच्या बाजूला, कठीण जमिनीवर थांबावं. माडाखाली कधीच नाही. नारळ आणि झावळ्या काचेचा मुलाहिजा ठेवत नाहीत.

दोन गाड्यांत चार मीटर अंतर ठेवावं. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली तर तो फरशीलगत साचतो. तो बाहेर जाण्यासाठी झडप तळाशी हवी, छतावरच्या पंख्याने भागत नाही. विजेचं गणित सोपं आहे. बारा व्होल्टची, शंभर अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी सुमारे बाराशे वॉट-तास देते. त्यात छोटा फ्रिज, पंखे आणि दिवे रात्रभर चालतात. हजार वॉटचा एसी तीच बॅटरी तासाभरात संपवतो, मग कुणीतरी जनरेटर काढतो आणि सगळ्यांची झोप उडते.

खरा प्रश्न पाण्याचा. दोन माणसांनी पाणी काटकसरीने वापरलं तरी दिवसाला चाळीसेक लिटर सांडपाणी होतं. दहा गाड्यांचं चारशे लिटर. ते वाळूत सोडलं की साबण आणि खरकटं तिथेच कुजतं, दुसऱ्या दिवशी माशा आणि कुत्री हजर. यावर शोषखड्डा, म्हणजे सांडपाणी जमिनीत मुरवणारा खड्डा, हा स्वस्त उपाय आहे. नांदेड जिल्ह्याने तो गावोगावी करून दाखवला. किनाऱ्यावर मात्र भूजल उथळ असतं, त्यामुळे खड्डा फार खोल नको, विहिरीपासून किमान पंधरा मीटर लांब हवा आणि तोंडाशी खरकटं अडवणारी जाळी हवी. ती जाळी रोज साफ केली नाही तर खड्डा तुंबतो.

गाडीतल्या संडासाच्या कॅसेटमधला, म्हणजे काढता येणाऱ्या टाकीतला मैला या खड्ड्यात ओतू नये. तो सार्वजनिक शौचालयाच्या सेप्टिक टँकमध्येच जावा, तोही फॉर्मल्डिहाइडचं रसायन न वापरता. ते टाकीतले मैला कुजवणारे जिवाणू मारतं आणि मग दुर्गंधीचा त्रास गावाला होतो.

राज्याचं कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं. मोठी कॅरॅव्हॅन पार्क होतील तेव्हा होतील. तोवर किनाऱ्यावरच्या ग्रामपंचायतींनी दहा गुंठे कठीण जमीन, एक नळ, एक शोषखड्डा, शौचालयाची किल्ली आणि १६ अँपिअरचे दोन-चार सॉकेट एवढीच सोय करावी. गाडीमागे रीतसर पावती फाडून शुल्क घ्यावं आणि ते जाळी साफ करणाऱ्याच्या मजुरीला लावावं. शुल्काची रक्कम आणि किल्ली कुणाकडे मिळेल, हे फलकावर लिहावं.

— एक कॅम्पर व्हॅनमालक, पुणे