नेऱ्याची जमीन नको, उलव्याचा प्लॉट बघ

मस्कत

प्रिय दादा,
सा. न.

पनवेलजवळचं नेरे आणि नवी मुंबईतलं उलवे, दोन्ही जागांचे फोटो आणि कागद काल रात्री नीट बघितले. खाली दुकान, वर घर हे तुझं गणित मला पटलंय आणि पैसेही मी घालणार आहे. पण दुकानाच्या मालकाने भाडं वाढवलं म्हणून चिडून घाई करू नकोस. नेऱ्याकडच्या पाच गुंठ्यांना माझा साफ नकार.

चुन्याच्या रेघा, बांबूंना लाल फिती, ‘लवकरच एनए’चा (म्हणजे बिगरशेतीचा) बोर्ड, सगळं झकास. चौथ्या फोटोत मागे हाय टेन्शनचा टॉवर दिसतोय, तो एजंटाच्या बोलण्यात कुठेच नव्हता. त्याहून वाईट सातबारा. त्यातल्या इतर हक्कांच्या रकान्यात ‘कुळकायदा कलम 43 च्या बंधनास पात्र’ असं स्वच्छ लिहिलंय, म्हणजे कुळाला मिळालेली जमीन, विकण्यावर बंधन. एवढा एक शेरा असला तरी वकील आधी तिथेच बोट ठेवतो. शिवाय वारसाच्या फेरफारात तिघे भाऊच आहेत. बहिणींची नावं नाहीत, हक्कसोडपत्रही नाही. भाव चढला की त्या येतील, आणि यायलाच हव्यात. बहीण आहे म्हणून बोलते असं समज हवं तर.

आणि शेतजमीन माझ्या नावावर होणारच नाही. फेमा या परकीय चलनाच्या कायद्याच्या नियमांप्रमाणे अनिवासी भारतीयाला घर, दुकान घेता येतं. शेतजमीन किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. वारसाने आली तर गोष्ट वेगळी. तूही खातेदार शेतकरी नाहीस, आजोबांनी गावची जमीन विकून टाकली तिथेच तो विषय संपला. ‘शेतकरी दाखला मी आणून देतो’ म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लाव.

नवी मुंबईचा विमानतळ झाला, आता नैनात, म्हणजे विमानतळाभोवतीच्या नियोजित पट्ट्यात, सोनं पिकणार, हे मलाही इथले लोक सांगतात. पण नैनाच्या नगररचना योजनेत जमीन गेली की मालकाच्या हातात 40 टक्क्यांचा अंतिम भूखंड येतो, बाकीची रस्ते, बागा, सोयीसुविधांना जाते. म्हणजे पैसे पाच गुंठ्यांचे आणि भूखंड दोन गुंठ्यांचा, तोही त्याच जागी मिळेल असं नाही. पिढ्यान्‌पिढ्या जमीन धरून बसलेल्याला ते परवडतं. आपल्याला उद्या शटर उघडायचंय.

उलव्याचा साडेबारा टक्क्यांचा प्लॉट, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने जमीन गेलेल्यांना मोबदल्यात दिलेला, तो मात्र मनात भरला. 100 चौरस मीटरचा आहे, दीड एफएसआय (जागेच्या दीडपट बांधकाम) धरला तर 150 चौरस मीटर बांधकाम. त्यात 15 टक्के दुकानासाठी म्हणजे साडेबावीस चौरस मीटर, साधारण 240 चौरस फूट. तुझं आत्ताचं दुकान एवढं तरी आहे का? वायरची बंडलं फुटपाथवर ठेवायची वेळ येणार नाही. बामणडोंगरी स्टेशन जवळ, अटल सेतूही तिकडूनच. आजूबाजूला इतक्या इमारती उभ्या राहतायत की इलेक्ट्रिकच्या मालाला गिऱ्हाईक शोधायला जायला नको.

हा प्लॉट लीजवरचा आहे, आणि बाबांना लीज म्हटलं की भाड्याची जागा वाटते. त्यांना सांग, आपल्या नेरूळच्या बिल्डिंगखालची जमीनही सिडकोची 60 वर्षांच्या लीजवरच आहे, आणि तिथे ते निवांत झोपतात.

पण तिथेही टोकन देऊ नकोस अजून. मूळ वाटपपत्र आणि लीज डीड बघ, झेरॉक्स नको. वाटप ज्यांना झालं ते हयात आहेत का, नसतील तर सगळे वारस सह्यांना येणार का, हे घरी जाऊन विचार. हस्तांतराला सिडकोची परवानगी आणि त्रिपक्षीय करार लागतो. नुसत्या नोटरीवर किंवा मुखत्यारपत्रावर प्लॉट हातोहात फिरवलेला असेल तर तिथूनच परत फीर. वकिलाकडून मालकीच्या नोंदींचा तीस वर्षांचा सर्च आणि पेपरात जाहीर नोटीस, याचे पैसे मी वेगळे पाठवते. वहिनीच्या मामांना विचार, कोर्टातलं त्यांना बरं कळतं.

एजंट अर्धे रोख मागतोय म्हणालास. एक रुपयाही नाही. माझे पैसे माझ्या एनआरई, म्हणजे अनिवासींच्या बँक खात्यातून जातील आणि करारात पूर्ण रक्कम लिहिली जाईल.

कागद पक्के निघाले तर या एकाच व्यवहारापुरतं मुखत्यारपत्र तुझ्या नावे इथल्या दूतावासात सही करून पाठवते. मुंबईत पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरावा लागतो, ते कपाटात ठेवून विसरू नकोस.

आणि एजंटला बाबांचा नंबर मुळीच देऊ नकोस. दोनदा ‘काका’ म्हटलं की ते हो म्हणून मोकळे होतात.

तुझी,
छोटी