वैमानिकाच्या शोकाला आजारपण म्हणू नका

मा. श्री. मुरलीधर मोहोळ
केंद्रीय नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री यांस,

सप्रेम नमस्कार.

मी नागपूरचा. प्रवासी विमानं चालवतो. १२ जून २०२५ ला अहमदाबादेत एअर इंडियाचं ड्रीमलायनर विमान कोसळलं. विमानातले २४१ जण गेले. त्यात दोन वैमानिक आणि दहा केबिन क्रू होते. चार दिवसांनी, १६ जूनला, त्याच कंपनीच्या ११२ वैमानिकांनी आजारपणाची रजा टाकली: ५१ कॅप्टन, ६१ फर्स्ट ऑफिसर म्हणजे सहवैमानिक. हा आकडा आपणच लोकसभेत लेखी उत्तरात दिलात. त्या ११२ जणांबद्दल मला आपल्याशी बोलायचं आहे.

त्यांच्यातल्या प्रत्येकाचं कारण मला ठाऊक नाही. पण ताप आला, पोट बिघडलं, हे लिहायला आमच्या रजेच्या अर्जात जागा असते. 'माझा सहकारी गेला, आज मी विमान हातात घेणार नाही' हे लिहायला जागा नसते. घरात कुणी गेलं तर आपल्याकडे सुतक पाळतात, शेजारचे डबा घेऊन येतात, माणूस चार दिवस घरात बसला तरी कुणी काही म्हणत नाही. सहकारी ना नात्यातला, ना गोत्यातला. रोस्टरवर दुसऱ्या दिवशीची वेळ तशीच असते.

नागपूरकरांना हे ७ ऑगस्ट २०२० पासून माहीत आहे. त्या संध्याकाळी भर पावसात केरळातल्या कोळिकोडच्या टेबलटॉप, म्हणजे टेकडीच्या माथ्यावरच्या, धावपट्टीवरून विमान पुढे घसरून खाली कोसळलं. दोन्ही वैमानिकांसह २१ जण गेले. कॅप्टन दीपक साठे त्यातले एक, हवाई दलातून आलेले. त्यांचे आई-वडील इथे नागपुरात राहायचे. मी त्यांच्यासोबत कधी उडालो नाही, तरी ती बातमी घरातल्यासारखी लागली. करोनाचे दिवस होते, धड भेटायला जाण्याचीही सोय नव्हती. आणि आमच्यातले कितीतरी जण लगेच पुन्हा पावसात, ओल्या धावपट्ट्यांवर विमानं उतरवत होते.

त्यातून आमचा शोक कधी नुसता शोक राहत नाही, त्याला लगेच संशय चिकटतो. कोळिकोडचा चौकशी अहवाल सप्टेंबर २०२१ मध्ये आला. त्यात वैमानिकाच्या चुका आहेत, त्या मी लपवत नाही. पण कॅप्टनच्या बाजूचा वायपर बंद पडला होता, हेही त्यात आहे. कंपनीच्या मनुष्यबळ धोरणामुळे त्या तळावर कॅप्टन पुरेसे नव्हते आणि दुसऱ्या दिवशी सकाळचं उड्डाण डोक्यात होतं, हेही आहे. लोकांच्या लक्षात राहिल्या त्या फक्त चुका. अहमदाबादच्या वेळी तर १२ जुलैचा प्राथमिक अहवाल आला आणि त्यातल्या इंधनाच्या स्विचच्या दोन ओळींवरून टीव्हीवाल्यांनी वैमानिकच दोषी असा निकालच लावून टाकला. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या मृत कॅप्टनच्या वृद्ध वडिलांची सर्वोच्च न्यायालयाला समजूत काढावी लागली, की हे ओझं मनावर घेऊ नका. ज्याला उत्तर देता येत नाही त्याच्यावर आरोप होत असताना त्याच्यासाठी रडायचं, आणि पहाटे चारला युनिफॉर्म चढवायचा. हे अवघड आहे, साहेब.

मग वैमानिक बोलत का नाही? कारण आमची नोकरी वैद्यकीय प्रमाणपत्रावर उभी आहे. 'झोप लागत नाही, मन लागत नाही' असं डॉक्टरांपुढे म्हटलं, की ते कुठे नोंदलं जाईल, परवान्याचं काय होईल, ही भीती. शिवाय पगाराचा मोठा भाग उड्डाणाच्या तासांवर असतो, घरी बसलं की तोही जातो. प्रशिक्षणात आम्हाला शिकवतात, की उड्डाणाआधी स्वतःला तपासा: आजार, औषध, दारू, थकवा, ताण, मनःस्थिती. प्रामाणिक उत्तर दिल्यावर काय, ते कुणी सांगत नाही.

लोकसभेतल्या आपल्या त्याच उत्तरात डीजीसीए या विमान वाहतूक नियामकाच्या, वैमानिकांच्या मानसिक आरोग्याबद्दलच्या फेब्रुवारी २०२३ च्या परिपत्रकाचा उल्लेख होता. वैमानिकांना सहकाऱ्यांचा आधार मिळावा यासाठी व्यवस्था उभारायला कंपन्यांना सांगितल्याचंही होतं. चांगलं आहे. पण कंपनीनेच चालवलेल्या गटापुढे कंपनीचा माणूस मन मोकळं करत नाही. २०१५ ला मानसिक आजार असलेल्या सहवैमानिकाने जर्मनविंग्ज कंपनीचं विमान मुद्दाम पाडलं आणि १५० जीव गेले, त्यानंतर युरोपने ही मदत विमान कंपन्यांना बंधनकारक केली. २०२१ पासून तो नियम लागू आहे. तिथेही सगळा भर गुप्ततेवर आहे, कारण त्याशिवाय कुणी फोनच उचलत नाही.

माझी मागणी लहान आहे. अपघातानंतर त्या कंपनीच्या आणि त्या जातीच्या विमानाच्या वैमानिकांना, मागितल्यास, काही दिवस उड्डाणातून बाजूला होता यावं. त्यासाठी पगार कापू नये, वैद्यकीय फाइलमध्ये शेरा येऊ नये, आणि बोलायला कंपनीबाहेरचा डॉक्टर व अनुभवी वैमानिक असावा. शोक करणारा माणूस आजारी नसतो, त्याला आजारी म्हणवून घ्यायला भाग पाडू नका.

आणि ती आधाराची व्यवस्था किती विमान कंपन्यांनी खरोखर उभी केली, त्यातल्या किती कंपनीबाहेरच्या हातात आहेत, हे येत्या अधिवेशनात सभागृहात सांगावं. ११२ चा आकडा जसा दिलात, तसाच हाही द्या.

आपला,
एक वैमानिक
नागपूर