पस्तिशीनंतरची पहिली नोकरी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मुले वाढविण्यात दहा-पंधरा वर्षे घालवून त्यानंतर आयुष्यातली पहिलीच नोकरी शोधणाऱ्या स्त्रियांविषयी हे पत्र लिहीत आहे. नोकरी सोडून घरी थांबलेल्या आणि पुन्हा कामावर रुजू होऊ पाहणाऱ्या महिलांसाठी निदान काही दारे तरी उघडली आहेत. टाटा समूहाने २००८ मध्येच अशा महिलांसाठी स्वतंत्र कार्यक्रम सुरू केला होता. परंतु पदवी हातात पडताच, किंवा त्याआधीच, बोहल्यावर चढलेल्या मराठवाड्यातील असंख्य जणींनी मुळात नोकरी केलेलीच नसते. मीही त्यांच्यापैकीच एक आहे. एका खाजगी संस्थेच्या ऑनलाइन अर्जात ‘मागील वेतन’ आणि ‘नोकरी सोडण्याचे कारण’ हे दोन्ही रकाने भरणे सक्तीचे होते आणि वेतनापुढे शून्य लिहिले की अर्ज पुढे सरकतच नव्हता. नेट कॅफेतील मुलाने एक रुपया टाकून पाहिला, तर तो मात्र लगेच स्वीकारला गेला! तो अर्ज मी पाठविला नाही.

अर्जाचे एक वेळ सोडून देऊ; खरी अडवणूक वयाच्या अटीने होते. अनुभव नसलेल्यांना कामाचा अनुभव मिळावा म्हणून राज्य सरकारने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली आणि बारावी उत्तीर्णांना दरमहा ६ हजार, आयटीआय व पदविकाधारकांना ८ हजार, तर पदवीधरांना १० हजार रुपये विद्यावेतन ठरविले. कार्यालयीन कामाची तोंडओळख, हजेरी, वर काही पैसे आणि शेवटी प्रमाणपत्र, म्हणजे आमच्यासारख्यांना नेमके जे हवे तेच या योजनेत आहे. मात्र वयोमर्यादा १८ ते ३५ अशी आहे. अंगणवाडी सेविका आणि मदतनीस या पदांनाही, विधवांना मिळणारी ४० वर्षांपर्यंतची सवलत वगळता, हीच ३५ वर्षांची अट लागू आहे. लहान मुले सांभाळण्याच्या कामाला, स्वतःची मुले नुकतीच मोठी केलेली बाई वयामुळे चालत नाही, हे कोडे मला उलगडलेले नाही.

ही पस्तिशी आमच्या भागात कोणत्या टप्प्यावर येते, ते पाहिले पाहिजे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) परभणी जिल्ह्यात २० ते २४ वयोगटातील ४८ टक्के स्त्रियांचे लग्न वयाच्या अठराव्या वर्षाआधीच झालेले होते आणि बीडमध्येही हे प्रमाण चाळिशीच्या पुढेच होते. ज्यांचे लग्न रीतसर वयात झाले, त्यांचेही धाकटे मूल स्वतःच्या हाताने डबा भरून शाळेत जाऊ लागेपर्यंत आईने पस्तिशी ओलांडलेली असते. लातुरात तर त्यापुढचा प्रकार सर्रास दिसतो. अहमदपूर, उदगीर, कंधार, गंगाखेड अशा ठिकाणांहून कितीतरी माता मुलांच्या अकरावी-बारावीसाठी येथे दोन खोल्या भाड्याने घेऊन राहतात, नीटचा निकाल लागेपर्यंत डबे, शिकवण्या आणि दुखणी सांभाळतात, आणि मूल वसतिगृहात गेले की रिकाम्या हाताने गावी परततात. शिकलेल्या आणि काम करायची तयारी असलेल्या या स्त्रियांना हात मोकळे होतात त्याच वेळी प्रशिक्षणाचे दार बंद झालेले असते.

त्यातही विसंगती अशी की, राज्य शासनाच्या नियमित नोकरीसाठी खुल्या प्रवर्गाची सर्वसाधारण कमाल वयोमर्यादा ३८ आणि मागास प्रवर्गांची ४३ आहे. म्हणजे सदतीस वर्षांची बाई सरकारी नोकर होऊ शकते, पण काही महिन्यांची प्रशिक्षणार्थी होऊ शकत नाही. लाडकी बहीण योजनेत तीच बाई ६५ वर्षांपर्यंत दरमहा दीड हजारांना पात्र ठरते. त्या पैशांचा घराला आधार होतो, हे मी नाकारत नाही. तथापि आम्ही मागत आहोत ते काम आहे.

खाजगी क्षेत्रात वयापेक्षा ‘अनुभव आवश्यक’ ही ओळ आड येते. मी अनेक वर्षे आमच्या बचत गटाची सचिव होते. मासिक बचत, अंतर्गत कर्ज, त्यावरील व्याज आणि थकबाकी यांच्या नोंदी माझ्याच हातच्या असत आणि त्यांच्याच भरवशावर बँकेने गटाला कर्ज दिले. मुलाखतीत मात्र हा अनुभव कोणीही धरला नाही. अखेर मार्केट यार्डातील एका आडत दुकानाच्या मालकांनी काही न विचारता सोयाबीनची एक हिशोबपट्टी पुढे सरकवून तिच्यातील चूक काढायला सांगितले. कट्टे, भाव, हमाली, तोलाई सर्व बरोबर होते. वजनातून बारदाना, म्हणजे रिकाम्या पोत्यांचे वजन, वजा करायचा राहिला होता. मला काम मिळाले ते त्या पट्टीमुळे. टॅली हे हिशोबाचे सॉफ्टवेअर मी नंतर तेथेच शिकले. बिलिंग, रोखपाल, स्वागतकक्ष अशा जागांसाठी अनुभवाचा दाखला मागण्यापेक्षा अशी अर्ध्या तासाची परीक्षा घेणे मालकांच्याही सोयीचे आहे.

वेळेचा प्रश्न उरतोच. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे आणि पुरुषांचा ८८ मिनिटे वेळ जातो, असे आढळले आहे. दिवाळीच्या सुमारास आवक वाढली की आमचे दुकान रात्री उशिरा बंद होते आणि घरी पोळ्या तेव्हाही माझ्याचकडे असतात. हे सरकारने सोडवावे असे मी म्हणणार नाही, ते घरोघरी ठरायचे आहे.

बेरोजगार तरुण रांगेत असताना चाळिशीच्या बायकांना जागा कशाला, असा आक्षेप घेतला जाईल, आणि प्रशिक्षण संपल्यावर पुढे काय, हा त्या तरुणांचा प्रश्नही खरा आहे. म्हणून त्यांच्या जागांना हात न लावता, पूर्वी नोकरी न केलेल्या महिलांसाठी युवा कार्य प्रशिक्षण योजनेत वेगळ्या जागा ठेवून त्यांची वयोमर्यादा ४५ करावी आणि बचत गटाच्या पदाधिकारी म्हणून केलेले काम अनुभव म्हणून ग्राह्य धरावे, अशी कौशल्य विकास विभागाला विनंती आहे. मराठवाड्यातील लोकप्रतिनिधींनी हा विषय येत्या अधिवेशनात मांडावा.

आपली,
एक वाचक, लातूर